ठळक अरुंद देवनागरी: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

३ जून २०२४

आजपासून या कामाची रीतसर नोंद ठेवायची असे ठरवले आहे. काम असे की, शीर्षकासाठी, फलकासाठी आणि वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी एक ठळक, अरुंद आणि साध्या वळणाचा देवनागरी फाँट तयार करायचा. नाटकाच्या जाहिरातीला मिळणारा रकाना अरुंद असतो आणि त्यात नाटकाचे नाव, लेखक, दिग्दर्शक, निर्मिती, कलाकार, नाट्यगृह, वार आणि वेळ एवढे सारे बसवावे लागते. दादरचे शिवाजी मंदिर, पार्ल्याचे दीनानाथ, ठाण्याचे गडकरी आणि बोरिवलीचे प्रबोधनकार अशा चार प्रयोगांची नावे एकाखाली एक द्यायची झाली, तर रुंद अक्षराला तिथे जागाच उरत नाही. नाटकाचे नाव बहुधा हाताने रेखलेले असते. अक्षरकार कमल शेडगे यांनी ती परंपरा इतक्या उंचीवर नेली की आजही नाव वाचण्याआधी त्याचे अक्षर डोळ्यांत भरते. त्या नावाची जागा घेण्याचा माझा विचार नाही. मला त्याच्या भोवतीच्या मजकुरासाठी अक्षर हवे आहे, जे कमी रुंदीत ठामपणे उभे राहील.

चाचणीसाठी शब्दांची पहिली यादी केली: दिग्दर्शक, निर्मिती, शुभारंभ, हाऊसफुल्ल, कोल्हापूर, महाराष्ट्र, ऱ्हस्व, डोंबिवली, मूर्तींचे, क्षणभर, झुंज, इतिहास.

६ जून

दादर स्थानकाच्या पश्चिमेला एका दुकानाच्या पाटीचा फोटो काढला. दुकानाचे नाव लांब आणि पाटी आखूड, त्यामुळे फ्लेक्सवाल्याने तयार ठळक फाँट संगणकावर आडवा दाबून बसवला होता. घरी येऊन तोच प्रयोग मोजून केला. काना १२० एकक (एक एकक म्हणजे फाँटच्या मापाचा हजारावा भाग) जाड आणि आडव्या रेषा ९६ एकक जाड असलेले अक्षर रुंदीत साठ टक्क्यांवर आणले, तेव्हा काना ७२ एककांचा झाला आणि आडव्या रेषा मात्र ९६ एककांच्याच राहिल्या. म्हणजे ज्या उभ्या दंडावर अक्षराचा भार असतो तो रोडावला आणि शिरोरेषा तुळईसारखी वर दडपून बसली. ‘प’ आणि ‘ष’ यांच्या गोलाईची जाडी तर एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरीच झाली. ही पाटी दुरून काळी दिसते, पण वाचता येत नाही, याचे कारण एवढेच आहे.

या प्रकल्पातले कोणतेही अक्षर दाबून अरुंद करायचे नाही. प्रत्येक अक्षर त्याच्या अरुंद रूपातच नव्याने काढायचे, हा पहिला नियम.

११ जून

रोमन लिपीत हा प्रश्न कसा सुटला ते पुन्हा नीट पाहिले. मॉरिस फुलर बेंटन यांनी १९०३ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी काढलेला अल्टरनेट गॉथिक तीन रुंदींत निघाला होता, म्हणजे शीर्षक रकान्यात बसेना तर जुळाऱ्याने एक पायरी अरुंद खिळे घ्यावेत. फ्रेड लॅम्बर्ट यांचा कॉम्पॅक्टा १९६३ मध्ये लेट्रासेटने आणला. त्यात गोल अक्षरांच्या बाजू सरळ उभ्या केल्या आहेत, त्यामुळे ‘ओ’ हा जवळजवळ कोपरे गोल केलेला चौकोन होतो. शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेकसाठी जेफ्री ली यांनी १९६५ मध्ये केलेल्या इम्पॅक्टमध्ये लहान लिपीची उंचीच इतकी वाढवली आहे की वर-खाली डोकावणारे भाग खुरटे राहतात आणि ओळ भिंतीसारखी सलग दिसते.

तिन्हींचे बळ एकाच गोष्टीत आहे: अक्षराच्या वर आणि खाली जवळजवळ काही नसणे. कॅपिटल अक्षरांना तर वर मात्रा नाही, खाली उकार नाही, म्हणून त्यांच्या ओळी एकमेकींना चिकटवून रचता येतात. देवनागरीत ही सोय नाही. माझ्या आजच्या कच्च्या मापात शिरोरेषा ७२० एककांवर आहे, वर मात्रा-रफारासाठी २८० आणि खाली उकारासाठी २६०, अशी एक ओळ १२६० एककांची होते. तेवढ्याच उंचीची कॅपिटल अक्षरे ६० एककांचे अंतर ठेवून रचली तर एक ओळ ७८० एककांत आटोपते. मराठीच्या तीन ओळी जेवढी जागा घेतात तेवढ्यात रोमनच्या जवळजवळ पाच बसतात.

त्यामुळे अरुंद देवनागरीचा खरा हिशेब उंचीचा आहे. आपण रुंदी वाचवतो आणि ती बचत वरच्या मात्रेला नि खालच्या उकाराला देऊन टाकतो. ही गोष्ट आरंभीच लक्षात आली, याचे समाधान वाटते.

इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘टेको’ आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘अनेक’ हे देवनागरी फाँटही शेजारी ठेवून पाहिले. टेकोने बाजू चौकोनी करून जागा मिळवली आहे. ‘अनेक’मध्ये रुंदी हाही एक बदलता अक्ष आहे आणि रुंदी घटत जाताना प्रत्येक अक्षर कुठे माघार घेते हे सावकाश पाहता येते. दोन्ही गोष्टी मला उपयोगी आहेत, पण मला याहून जाड आणि याहून अरुंद जायचे आहे.

१९ जून

लालबागला एका जुन्या पेंटरकाकांकडे दुपार घालवली. मंडळांचे कापडी फलक, दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या असे सारे त्यांनी रंगवले आहे. आता काम कमी झाले असले तरी हात तसाच आहे. त्यांना मी ‘महाराष्ट्र’ हा शब्द दोन फूट रुंदीच्या फळीवर, नऊ इंच उंचीत, जमेल तेवढा जाड काढून दाखवायची विनंती केली.

त्यांनी प्रथम दोरीला खडूची भुकटी लावून वर-खाली दोन रेषा उठवल्या. मला वाटले की आता ‘म’ पासून सुरुवात होईल. तसे झाले नाही. त्यांनी आधी शब्दातले सगळे काने फळीभर खडूने उभे केले: ‘म’चा एक, ‘हा’चा एक, ‘रा’चा एक, ‘ष्ट्र’मधल्या अर्ध्या ‘ष’साठी त्याचे कान्याविना असलेले अंग नुसत्या दोन खुणांनी. मागे सरून ते उभे दंड पाहिले, एक पुसून अर्धा बोट डावीकडे सरकवला आणि मगच मधल्या जागांत अक्षरांची पोटे भरली. ‘ट्र’च्या खालच्या दोन तिरक्या रेघा त्यांनी शेवटी काढल्या आणि त्या ‘ट’च्या गोलाईत शिरू नयेत म्हणून ‘ट’च मुळात थोडा वर उचलून काढला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. मी विचारले, काका, ‘ट’ आधीच वर का घेतला? ते म्हणाले, “अहो, खाली पाहुणा येणारे हे माहीत असतं ना. बसायला जागा आधीच करून ठेवायची.”

काम करताना आपण एकेक अक्षर स्वतंत्र चौकटीत काढतो आणि मग त्यांच्यातले अंतर जुळवत बसतो. पेंटरकाका उलट दिशेने जातात. आधी शब्दाचे उभे दंड आणि मग त्यांच्या मधले अक्षर. अरुंद आणि जाड अक्षरात डोळ्याला प्रथम दिसते ते हेच दंडांचे पाऊल, म्हणून त्यांची पद्धत मला योग्य वाटते. उद्यापासून माझ्या फाइलमध्ये आधी काना, त्याची जाडी आणि दोन कान्यांमधले पांढरे ठरेल; बाकी सगळे त्यानंतर.

२७ जून

काना १६८ एकक. शिरोरेषा १०४. हे दोन आकडे आता हलवायचे नाहीत.

यावरून अक्षरांची वर्गवारी आपोआप झाली. अक्षराच्या मधोमध आडवी रेघ मारली तर ती किती उभ्या अंगांना छेदते ते मोजायचे. ‘प’ मध्ये दोन अंगे, म्हणून १६८ची जाडी तिथे सहज राहते: दोन अंगांचे ३३६ आणि मधली पोकळी ९०, मिळून ४२६ एकक. ‘ण’ मध्ये तीन उभी अंगे आहेत. तीच जाडी ठेवली तर पोकळी ६० धरूनही रुंदी ६२४ वर जाते आणि शब्दात ‘ण’ आला की तिथे ओळ काळवंडते. म्हणून ‘ण’ची अंगे १३८ केली, पोकळ्या ७० केल्या आणि रुंदी ५५४ वर थांबवली. डोळ्याला ‘प’ आणि ‘ण’ आता एकाच जाडीचे वाटतात, जरी मापात तीस एककांचा फरक आहे. ‘ख’मध्ये चार अंगे येतात. तो ‘प’च्या रुंदीत बसवण्याचा हट्ट दोन दिवस केला आणि सोडून दिला. काही अक्षरांना रुंद राहण्याचा अधिकार दिला नाही तर अरुंद फाँट वाचता येत नाही. ‘ख’, ‘क्ष’, ‘ळ’, ‘ज्ञ’ हे रुंद राहतील.

‘ळ’ बद्दल थोडे अधिक. त्याच्या दोन पोकळ्या बंद आहेत, त्यामुळे पांढरे बाहेरून उसने मिळत नाही. जे आहे ते आतच. आज त्या प्रत्येकी ४६ एककांच्या आहेत. पडद्यावर छान दिसतात. कागदावर काय होईल ते पाहायचे आहे.

८ जुलै

रात्रभर मुसळधार पाऊस, लोकल बंद, त्यामुळे घरीच काम. आजचा दिवस उभ्या गर्दीचा.

‘इ’, ‘ई’, ‘ह’, ‘झ’, ‘ड’ यांची अडचण ‘ण’च्या नेमकी उलट आहे. इथे अंगे आडवी आहेत आणि एकाखाली एक साचतात. ‘इ’मध्ये शिरोरेषेखाली तीन आडव्या घड्या येतात. ७२० मधून शिरोरेषेचे १०४ गेले की ६१६ उरतात. घड्यांना कान्याचीच १६८ जाडी दिली तर ५०४ संपतात आणि तीन फटींसाठी मिळून ११२ उरतात, म्हणजे एकेका फटीला जेमतेम ३७. ती फट छपाईत नक्की बुजणार. घड्या ११० केल्या तेव्हा फटी ९५ वर आल्या आणि अक्षराने श्वास घेतला. त्या क्षणी ‘इतिहास’ हा शब्द प्रथमच एका दमात वाचता आला.

याचा परिणाम असा झाला आहे की माझ्या फाँटमध्ये उभी रेषा जाड आणि आडवी पातळ, असे स्पष्ट नाते तयार झाले. देवनागरी वळण ज्या बोरूतून आले त्याचे तोंड रोमन लेखणीच्या उलट बाजूने तिरके कापलेले असते, आणि त्या हिशेबात जाड-बारीक तिरक्या दिशेने ठरते. माझे नाते त्या बोरूतून आलेले नाही, ते जागेच्या टंचाईतून आले आहे. तरीही ‘त’ची गोलाई दंडाला जिथे मिळते आणि ‘र’ची शेपटी जिथे सुटते, तिथे बोरूचा कल राखला आहे. तो काढून टाकला की अक्षर परक्या लिपीतून आल्यासारखे वाटते, हे मी तीन वेळा करून पाहिले.

१५ जुलै

आकडे पूर्ण. नाटकाच्या वेळा आणि बसचे क्रमांक हे दोन उपयोग समोर ठेवले. बेस्टच्या बसच्या कपाळावर देवनागरी आकडे वाचत लहानाचे मोठे झालेल्यांना ‘१’ आणि ‘९’ यांतला फरक सांगावा लागत नाही, पण जाड आणि अरुंद रूपात तो फरक फारच पुसट होतो. ‘१’चे वरचे वर्तुळ बंद ठेवून शेपटी सरळ खाली सोडली, ‘९’ची मान डावीकडे स्पष्ट वळवली. सर्व आकडे सारख्या रुंदीचे केले आहेत, म्हणजे वेळापत्रकात ते एकाखाली एक जुळतील.

२२ जुलै

‘ल’ आणि ‘श’. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मान्य केले आहेत. ओपनटाइप या फाँटच्या स्वरूपात मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली असेल तर मराठी रूपे आपोआप यावीत अशी व्यवस्था करता येते, आणि बरेच फाँट मूळ रूप हिंदीचे ठेवून मराठीला या वाटेने सोय देतात. मात्र फ्लेक्सच्या दुकानात बसलेला कारागीर मजकुराला भाषेची खूण लावत नाही, त्याच्या हातातल्या आज्ञावलीत ती सोय कित्येकदा नसतेही. म्हणून मी मूळ रूप मराठीचेच ठेवले आहे आणि हिंदीची रूपे भाषेच्या खुणेवर सोपवली आहेत. मुंबईत, मराठी जाहिरातीसाठी तयार होणाऱ्या अक्षरात मराठी ‘ल’ मागून घ्यावा लागू नये, असे मला मनापासून वाटते.

रुंदीच्या दृष्टीने हा निर्णय महाग आहे. दंडाचा हिंदी ‘ल’ सहज अरुंद होतो. पाकळीयुक्त ‘ल’ला दोन पाकळ्या शेजारी शेजारी लागतात आणि उजवीकडे टेकायला दंड नसतो. दोन्ही पाकळ्यांच्या बाहेरच्या बाजू सरळ उभ्या केल्या, तळ गोल ठेवला, आणि मधला सांधा पातळ केला. ‘हाऊसफुल्ल’ मधला जोड ‘ल्ल’ आडवाच ठेवला आहे. एकाखाली एक रचून पाहिला होता, पण प्रत्येक ‘ल’ मुंगीएवढा झाला.

ऱ्हस्व, तऱ्हा, सुऱ्या यांतला अर्धा ‘र’ हाही मराठीचा खास. पातळ फाँटमध्ये तो पापणीसारखा तरंगतो. इथे त्याचा शिरोरेषेखाली एक आखूड, जाड कंस केला आणि पुढच्या अक्षराशी त्याची जोडी जुळवली.

१ ऑगस्ट

रफार, वेलांट्या आणि अनुस्वार. सगळ्या प्रकल्पात सर्वाधिक वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा होता.

‘निर्मिती’ घ्या. ‘र्मि’मध्ये पहिल्या वेलांटीची कमान डावीकडून निघून ‘म’वरून जाते आणि त्याच्या दंडापाशी येऊन टेकते. नेमका तिथेच रफार बसायला येतो. पातळ अक्षरात दोघे एकमेकांच्या शेजारी नांदतात. ठळक अक्षरात ते एकमेकांत घुसून वर एक काळा गोळा होतो, आणि नाटकाच्या प्रत्येक जाहिरातीत हा शब्द असल्यामुळे ही चूक प्रत्येक जाहिरातीत दिसली असती. ‘मूर्तींचे’ यात तर दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार हे तिघेही एकाच कान्याच्या डोक्यावर येतात, म्हणजे १६८ एककांच्या खांबावर तीन चिन्हे.

पहिला उपाय म्हणून चिन्हे लहान केली. ती दुरून दिसेनाशी झाली. दुसऱ्यांदा वर चढवली. ओळीची उंची वाढली, जी मला परवडत नाही. शेवटी वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांचे एकत्र आकारच काढले. त्यात वेलांटीची कमान दंडाच्या अलीकडेच खाली उतरते, रफार उभा न राहता उजवीकडे कलतो आणि अनुस्वार त्याच्या कुशीत, पूर्ण गोल न राहता थोडा चौकोनी होऊन बसतो. पेंटरकाकांचा पाहुणा इथे पुन्हा आठवला. वेलांटी एकटी असते तेव्हा ती ऐसपैस असते. रफार येणार असे कळले की जागा करून देते. हार्फबझ या अक्षरजुळणी करणाऱ्या आज्ञावलीत चाचणी घेतली आणि सर्व जोड्या नीट उमटतात.

पहिल्या वेलांटीच्या सहा रुंदी केल्या आहेत. कमानी सपाट केल्यामुळे वरची जागा २८० वरून २३० वर आणि उकार आखडल्यामुळे खालची २६० वरून २१० वर आली. ओळ आता ११६० एककांची आहे. शंभर एकक वाचले, आणि एवढ्यासाठी अकरा दिवस लागले.

९ ऑगस्ट

लोअर परळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या छापखान्यात वर्तमानपत्री कागदावर चाचणी. १४, १८, २४ आणि ३६ पॉइंट.

१४ पॉइंटवर ‘ळ’ भरून गेला. हिशेब केला तर कारण उघड आहे: ४६ एककांची पोकळी १४ पॉइंटला साधारण ०.२३ मिलिमीटर होते आणि त्या खरबरीत कागदावर शाई दोन्ही बाजूंनी पसरून तेवढे अंतर गिळते. २४ पॉइंटला तीच पोकळी ०.३९ मिलिमीटर होते आणि उघडी राहते. १८ वर ‘ळ’ वाचता येतो पण ‘आळंदी’ आणि ‘मुळे’ यांत तो डागासारखा टोचतो.

दोन गोष्टी ठरल्या. ‘ळ’ची पोकळी ५८ करायची आणि त्यासाठी तो आणखी रुंद होऊ द्यायचा. शिवाय दंडाला गोलाई जिथे मिळते त्या कोपऱ्यांत बारीक खाचा ठेवायच्या, म्हणजे शाई तिथे साचली तरी कोपरा तीक्ष्णच दिसेल. माहितीपत्रकात हा फाँट २४ पॉइंटखाली वापरू नये असे स्पष्ट लिहायचे. यंत्रावरच्या गृहस्थांनी कागदाचा तुकडा हातभर लांब धरून ‘दिग्दर्शक’ मोठ्याने वाचला, तेव्हा मला फार बरे वाटले.

१४ ऑगस्ट

कर्निंग, म्हणजे अक्षरांच्या जोड्यांमधले अंतर जुळवणे. ‘ट’, ‘ठ’, ‘ढ’, ‘द’ यांच्या खालच्या उजव्या बाजूला दंड नसल्याने पडणारी भोके भरली. दिवसभर हेच काम.

२३ ऑगस्ट

जोडीचे रोमन. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार दुकानाच्या पाटीवर मराठी नाव देवनागरीत हवे आणि ते अक्षर इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, आणि त्यानंतर शहरभर नव्या पाट्या लागल्या.

पाट्या पाहताना जाणवते ते हे की, दोन्ही लिप्या संगणकावर एकाच मापाच्या असूनही देवनागरी लहान दिसते. त्याच चौकटीत तिला मात्रा आणि उकारही सामावून घ्यायचे असतात, म्हणून ‘क’चे अंग आक्रसते, तर रोमन कॅपिटल मात्र चौकटीचा बहुतेक भाग एकटेच वापरते. मी कॅपिटलची उंची शिरोरेषेइतकीच, ७२० एकक ठेवली. शिरोरेषा आणि कॅपिटलचे डोके एका रेषेत येतात आणि मराठीची मात्रा त्याच्याही वर जाते. पाटीवर दोन्ही नावे एकाच मापात टाकली की मराठी आपोआप मोठी उभी राहते. रोमन काढायला चार दिवस पुरले. ती लिपी या कामाला फार काळापासून सरावलेली आहे.

३० ऑगस्ट

गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आहे. लालबागच्याच एका छोट्या मंडळाने ‘पर्यावरणपूरक मूर्तींचे प्रदर्शन’ असा फलक या फाँटमध्ये करायला होकार दिला. वीस फूट रुंद, एका ओळीत.

पहिली छपाई चुकली. फ्लेक्सवाल्याकडच्या जुन्या आज्ञावलीला एकत्र आकार कळले नाहीत आणि ‘र्तीं’वर पुन्हा तोच काळा गोळा आला. माझ्या फाइलमध्ये दोष नव्हता, पण फलकावर तो माझ्याच अक्षराचा दोष म्हणून दिसला असता. त्या रात्री रफार आणि अनुस्वार यांचे सुटे आकारही इतके आटोपशीर केले की जोडणी झाली नाही तरी ते एकमेकांत घुसणार नाहीत. एकत्र आकार आले तर उत्तम, न आले तरी वाचता येईल. ही तरतूद मी सुरुवातीलाच करायला हवी होती.

४ सप्टेंबर

फलक लागला. समोरच्या पदपथावरून, मग पुलावरून, मग चालत्या बसमधून पाहिला. ‘पर्यावरणपूरक’ मधले दंड एका चालीत जातात. ‘प्रदर्शन’ मधला देठाचा ‘श’ रफारासकट स्पष्ट आहे. ‘मूर्तींचे’ बसमधूनही वाचता आला. मात्र ‘ण’ आणि ‘पू’ यांच्या मधले पांढरे थोडे जास्त आहे. ‘ण’ची उजवी मोकळी जागा सहा एकक कमी करायची.

पेंटरकाकांना बोलावून दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि ‘क’कडे बोट दाखवून म्हणाले की याचे उजवे अंग फार लवकर वळते, थोडे खाली येऊ दे. घरी येऊन ते १४ एकक खाली आणले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. अर्धा ‘क’, ‘क्त’ आणि ‘क्र’ यांतही हाच बदल उद्या करायचा आहे.